भिंग, आरसा आणि कुंचला

गणेशोत्सवाची आरास ठरली की मागच्या पडद्याचा विषय निघतो. कैलास असो, रायगड असो की पंढरीचे वाळवंट, हल्ली बहुतेक ठिकाणी एक छोटे चित्र प्रोजेक्टरने कापडावर मोठे करून पाडतात, त्याच्या कडा गिरवून घेतात आणि मग रंग भरतात. काम झटपट होते, प्रमाण चुकत नाही. पण जुन्या पिढीतल्या कोणाचा तरी शेरा ठरलेला असतो: "हे कसलं चित्र काढणं? हे तर नुसतं गिरवणं!" तरुण मंडळी हिरमुसतात. शेरा मारणाऱ्यांचेही अगदीच चुकत नाही, कारण हात बसवायला किती वर्षे लागतात हे त्यांनी पाहिलेले असते.

हा वाद आपल्या मंडळांपुरता नाही. चित्रकाराने भिंग, आरसा, लोलक किंवा कॅमेरा यांची मदत घ्यावी का, आणि घेतली तर त्याचा मान कमी होतो का, हा प्रश्न चित्रकलेच्या इतिहासात निदान पाचशे वर्षे रेंगाळतो आहे. त्याची एक वाट इटली आणि हॉलंडमधून निघून वेरूळ, अजिंठा आणि पुण्यावरून थेट आपल्या बडोद्यापर्यंत येते. त्या वाटेने थोडे चालून पाहावे, असा आमचा विचार आहे.

ठिपके, चौकटी आणि जाळी

साधनांशिवाय चित्र अशी शुद्ध अवस्था फारशी कधी नव्हतीच. आपल्या घरातली ठिपक्यांची रांगोळी घ्या. एकवीस ते एक ठिपके मांडले की चुकायला जागा राहत नाही, आणि ठिपके मांडले म्हणून रांगोळी काढणारीला कोणी नावे ठेवत नाही. सिनेमाचे भलेमोठे फलक रंगवणारे कलाकार छोट्या फोटोवर चौकटी आखत, तेवढ्याच चौकटी फलकावर आखत आणि एकेक घर पाहून चित्र मोठे करत.

इटलीतल्या लिओन बात्तिस्ता अल्बेर्ती या विद्वानाने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सांगितलेली युक्ती जवळपास हीच आहे. चित्रकार आणि समोरचे दृश्य यांच्यामध्ये एक विरळ कापड ताणून धरायचे, त्यात जाड दोऱ्यांच्या चौकटी असायच्या. कोणत्या चौकटीत काय दिसते ते पाहून कागदावर उतरवायचे. पुढे १५२५ मध्ये जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने मापनावरच्या आपल्या पुस्तकात अशा यंत्रांची लाकूडठशाची चित्रेच छापली. आपल्या अडचणीची कबुली हे चित्रकार उघडपणे देत होते. जवळचे मोठे आणि लांबचे लहान दिसते हे सगळ्यांना कळते. नेमके किती लहान, हे डोळ्याला सांगता येत नाही. त्यासाठी दोरा, पट्टी, जाळी लागते.

अंधारी खोली

जुन्या वाड्यांत राहिलेल्यांनी एक गंमत पाहिली असेल. भर दुपारी खिडक्यांची लाकडी दारे लावून घेतली आणि एखाद्या फटीतून किंवा छोट्या छिद्रातून प्रकाश आत आला, की समोरच्या भिंतीवर रस्त्याचे फिकट चित्र उमटते. माणसे डोके खाली, पाय वर करून चालतात, सायकली उलट्या धावतात. प्रकाश सरळ रेषेत जातो. वरून येणारा किरण छिद्रातून खाली जातो आणि खालून येणारा वर, म्हणून प्रतिमा उलटी पडते. ग्रहणाच्या दिवशी झाडाखाली पानांच्या फटींतून पडलेल्या चंद्रकोरीएवढ्या शेकडो सूर्यप्रतिमा दिसतात, तोही हाच खेळ.

सुमारे हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये काम करणाऱ्या इब्न अल-हैथम या अरबी शास्त्रज्ञाने या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास केला. लॅटिन भाषेत अंधाऱ्या खोलीला 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणतात, आणि आज प्रत्येकाच्या खिशात असलेल्या 'कॅमेरा' या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच आहे: खोली.

छिद्राची अडचण अशी की ते लहान ठेवले तर प्रतिमा स्पष्ट पण अंधूक, मोठे केले तर उजळ पण धूसर. सोळाव्या शतकात यावर उपाय निघाला. व्हेनिसच्या दानिएले बार्बारोने १५६८ च्या सुमारास छिद्रात म्हाताऱ्या माणसांच्या चष्म्याचे बहिर्गोल भिंग बसवायला सांगितले. प्रतिमा एकदम उजळ आणि रेखीव झाली. समोर कागद धरला की रंगांसकट, हालचालींसकट सारे दृश्य त्यावर अवतरे. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याने तर एक काळा तंबू तयार केला होता. त्याच्या टोकाला भिंग, आत कागद. १६२० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ येथे हेन्री वॉटन या इंग्रज वकिलाने, म्हणजे राजाच्या प्रतिनिधीने, केप्लरकडे एक सुंदर निसर्गदृश्य पाहिले आणि हे कोणी काढले असे विचारले. आपणच काढले, पण चित्रकार म्हणून नव्हे तर गणिती म्हणून, असे केप्लरने सांगितले. चित्रकार आणि गणिती यांच्यातला हा फरक त्या काळीही लोकांच्या मनात होता, हे यावरून दिसते.

डेल्फ्टचा व्हर्मीर

दोन वर्षांनी, १६२२ मध्ये, कॉन्स्टंटाइन हॉयगेन्स हा डच मुत्सद्दी लंडनहून असेच एक यंत्र पाहून आला आणि त्याने लिहिले की याच्यापुढे सारी चित्रकला निर्जीव वाटते. हॉलंड हा तेव्हा भिंगे घासणाऱ्यांचा देश होता. डेल्फ्ट या छोट्या गावात १६३२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोन मुलांची नावे चर्चच्या नोंदवहीत चढली. एक योहानेस व्हर्मीर, दुसरा अंतोनी व्हान लेव्हेनहूक. लेव्हेनहूकने पुढे घरी घासलेल्या इवल्याशा भिंगांतून पाण्याच्या थेंबातले सूक्ष्मजीव जगात पहिल्यांदा पाहिले. व्हर्मीर चित्रकार झाला. तो १६७५ मध्ये कर्ज मागे ठेवून वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी नगरपालिकेने ज्याला नेमले तो हाच लेव्हेनहूक.

व्हर्मीरची आज ओळखली जाणारी चित्रे जेमतेम पस्तीस-छत्तीस. बहुतेकांत एक खोली, डावीकडे खिडकी, तिच्यातून येणारा मऊ प्रकाश, आणि एखादी बाई पत्र वाचते आहे, वाद्य वाजवते आहे, दूध ओतते आहे. एवढ्या साध्या विषयांत असे काय आहे की माणसे त्यांच्यापुढे तासन्‌तास उभी राहतात? अनेकांना त्यात भिंगाची नजर दिसली. १८९१ मध्ये जोसेफ पेनेल या अमेरिकन चित्रकाराने दाखवून दिले की व्हर्मीरच्या एका चित्रात पुढे बसलेल्या सैनिकाचे डोके समोरच्या मुलीच्या डोक्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. फोटोत असे दिसते, पण नुसत्या डोळ्याने पाहून काढणारा माणूस नकळत डोके लहान करतो, कारण आपला मेंदू फरक सांभाळून घेतो. शिवाय व्हर्मीरच्या चित्रांत चकाकत्या जागी रंगाचे गोल ठिपके दिसतात. भिंग नीट जुळवले नसेल तर उजेडाचे बिंदू असेच गोल पसरतात.

लंडनच्या फिलिप स्टेडमन या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकाने या प्रश्नाचा अनेक वर्षे पिच्छा पुरवला. चित्रांतल्या फरश्या, खिडक्या, खुर्च्या आणि भिंतीवरचे नकाशे मोजून त्याने खोलीचा आराखडा मांडला. मग एक विलक्षण गोष्ट हाती आली. पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या जागी भिंग आहे असे धरून मागच्या भिंतीवर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार काढला, तर सहा चित्रांत तो आकार प्रत्यक्ष कॅनव्हासच्या आकाराशी जुळतो. एकदा जुळला तर योगायोग म्हणता येईल, सहा वेळा जुळणे वेगळे. त्याचे पुस्तक २००१ मध्ये आले. पुढे टिम जेनिसन नावाच्या अमेरिकन संशोधक-उद्योजकाने, जो व्यवसायाने चित्रकार नव्हता, व्हर्मीरची ती खोली खरोखर उभारली आणि एका छोट्या आरशाच्या साहाय्याने रंग जुळवत 'संगीताचा पाठ' हे चित्र पुन्हा काढून पाहिले. त्यावरचा माहितीपट २०१३ मध्ये आला. त्यातला त्याचा कंटाळा आणि पाठदुखी पाहण्यासारखी आहे. यंत्र असूनही ते काम महिनोन्‌महिने चालले.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची यादी झाली. तिच्यात चित्रफलक ठेवायचे घोडे आहेत, रंगपाट्या आहेत, कॅमेरा ऑब्स्क्युरा नाही. चित्रांची दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञांना डझनाहून अधिक चित्रांत एक बारीक टाचणीचे भोक सापडले, नेमके सगळ्या तिरप्या रेषा जिथे मिळतात त्या बिंदूवर. म्हणजे तिथे टाचणी टोचून, खडू लावलेला दोरा ताणून तो रेषा उमटवत असे. आपले सुतार आणि गवंडी दोरीने रेघ मारतात तशीच ही पद्धत. आणि ते प्रकाशाचे गोल ठिपके? दूध ओतणारीच्या चित्रात ते पावाच्या तुकड्यांवरही आहेत. पाव काही चकाकत नाही. भिंगातून पाहिले तरी त्यावर असे ठिपके दिसणार नाहीत. म्हणजे ते भिंगातून आलेले असले तरी कुठे ठेवायचे हे व्हर्मीरने स्वतः ठरवले. आम्हाला या सगळ्या वादातला हा पावाचा पुरावा सर्वांत बोलका वाटतो. भिंगाने काय शिकवले आणि हाताने काय ठरवले, दोन्ही त्या पावावर एकत्र दिसते.

हॉकनीची भिंत

याच २००१ साली डेव्हिड हॉकनी या नामवंत इंग्रज चित्रकाराने मोठी खळबळ उडवली. लंडनच्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार अँग्र याची पेन्सिलीने काढलेली छोटी व्यक्तिचित्रे पाहताना त्याला शंका आली: रेषा इतकी ठाम, इतकी जलद, न खोडलेली कशी? हॉकनीने आपल्या स्टुडिओच्या लांबलचक भिंतीवर युरोपातल्या कित्येक शतकांच्या चित्रांच्या रंगीत प्रती काळाच्या क्रमाने लावल्या आणि त्या न्याहाळल्या. त्याचे म्हणणे पडले की १४३० च्या आसपास, व्हान आयकच्या काळात, चेहरे, कापडाच्या चुण्या आणि धातूची चमक यांच्यात अचानक बदल होतो, आणि त्यामागे आरसा किंवा भिंग आहे. चार्ल्स फाल्को हा भौतिकशास्त्रज्ञ त्याच्या साहाय्याला आला. लोरेन्झो लोत्तोच्या एका चित्रातल्या टेबलावरच्या गालिच्याची नक्षी मागे जाताना अस्पष्ट होते, जणू भिंगाची जुळवणी सुटली, असे त्याने गणित करून दाखवले.

यावर संग्रहालयांतले जाणकार आणि इतर शास्त्रज्ञ तुटून पडले. डेव्हिड स्टॉर्क या संशोधकाने उलट गणिते मांडली: एवढा मोठा आणि चांगला अंतर्गोल आरसा त्या काळी कुठे सापडला आहे? व्हान आयकच्या १४३४ च्या प्रसिद्ध चित्रातले पितळी झुंबर भिंगातून गिरवलेले असते तर त्याच्या सगळ्या फांद्या अचूक जुळायला हव्या होत्या. त्या जुळत नाहीत. आणि एवढे मोठे गुपित शेकडो चित्रकारांनी राखले, एकाही शिष्याने फोडले नाही, हे पटायला जड जाते. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. व्हान आयकच्या बाबतीत हॉकनीला फारसे पाठबळ मिळाले नाही. सतराव्या-अठराव्या शतकात मात्र अनेक चित्रकारांच्या हाताशी अशी साधने होती, याबद्दल वाद उरलेला नाही. सर जोशुआ रेनल्ड्सचा कॅमेरा ऑब्स्क्युरा लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. तो घडी केला की जाडजूड पुस्तकासारखा दिसतो.

हॉकनीवर रागावलेल्यांना वाटले की त्याने थोर चित्रकारांना लबाड ठरवले. हॉकनीचे म्हणणे नेमके उलटे होते: भिंग रेघ मारत नाही, रेघ हातच मारतो. हे बोलायला त्याच्याकडे आधार होता, कारण त्याने स्वतः कॅमेरा ल्युसिडा घेऊन शेकडो चित्रे काढून पाहिली होती.

लोलकात न दिसलेली रेघ

कॅमेरा ल्युसिडा म्हणजे एका दांडीवर बसवलेला छोटा काचेचा लोलक. त्याच्या कडेवरून खाली पाहिले की डोळ्याला समोरचे दृश्य आणि खालचा कागद एकाच वेळी दिसतात, जणू दृश्य कागदावर पडले आहे. प्रत्यक्षात कागदावर काहीच पडलेले नसते. डोळा जरा हलला की चित्र सरकते. विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. खिशात मावणारे आणि अंधाराची गरज नसलेले हे साधन प्रवासी आणि लष्करी अधिकारी यांच्या आवडीचे झाले.

हे यंत्र हाती आले की कोणालाही चित्र जमते का? १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा विद्वान गृहस्थ इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी हा लोलक घेऊन बसला. डोळा लोलकावरून काढला की कागदावर उरत होत्या त्या केविलवाण्या रेघोट्या. लोलक अचूक होता, हात कच्चा होता. वैतागून टॅल्बटच्या मनात आले की ही प्रतिमा कागदावर आपोआप उमटून टिकून राहिली तर? त्या विचारातून त्याने छायाचित्रणाची कागदी पद्धत शोधली आणि १८३९ मध्ये ती जाहीर केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ज्याच्या पद्धतीची घोषणा झाली तो दागेर मुळात पडदे रंगवणारा चित्रकार. म्हणजे फोटोचा एक जनक चित्र काढता येत नव्हते म्हणून फोटोकडे वळला आणि दुसरा चित्रे काढतच तिथे पोहोचला.

मराठी मुलुखात

भारतात ही साधने इंग्रज चित्रकारांबरोबर आली. टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. पुढची सात वर्षे त्यांनी बोटीने, पालखीने, बैलगाडीने देश पालथा घातला आणि मोठ्या इमारती, घाट, देवळे रेखाटताना कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरला. मायदेशी परतल्यावर त्यांनी १४४ रंगीत दृश्यांचा जो संग्रह काढला, त्यावर युरोपातल्या लोकांची भारताविषयीची कल्पना कित्येक वर्षे पोसली गेली. परतीच्या वाटेवर, १७९३ मध्ये, ते मुंबईला थांबले आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर घारापुरी, कार्ले इथली लेणी पाहून आले.

हा वेल्स आपल्याला परका नाही. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची तैलचित्रे त्यानेच केली. नानांचा तो कृश, करारी चेहरा आपण ओळखतो तो त्याच्यामुळे. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पाठिंब्याने त्याच सुमारास गंगाराम तांबट हा मराठी कलावंत युरोपीय पद्धतीने चित्रे काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा, कार्ल्याचे लेणे, वेरूळची शिल्पे अशी त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. गंगारामची रेषा देशी, तर लेण्याच्या खोलीचा हिशेब पाश्चात्त्य. दोन नजरा एका कागदावर भेटलेल्या दिसतात. वेल्स १७९५ मध्ये वारला. पेशव्यांच्या दरबाराचे जे चित्र त्याच्या हातून पुरे झाले नाही, ते टॉमस डॅनियलने इंग्लंडमध्ये १८०५ मध्ये पूर्ण केले. शनिवारवाड्यातला दरबार डोळ्यांपुढे आणायला आज तेच चित्र उपयोगी पडते, कारण वाडा १८२८ मध्ये जळाला.

अजिंठ्याची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला नेमला गेला. अंधाऱ्या लेण्यांत, तापात, वर्षानुवर्षे त्याने मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती करवल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनमधल्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या. गिल दरम्यान फोटोग्राफीकडे वळला होता. दोन डोळ्यांसाठी दोन भिंगांनी शेजारीशेजारी घेतलेल्या त्याच्या जोडछायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये निघाले आणि ती टिकली, कारण एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघतात. पण त्या फोटोंत रंग नव्हता. पद्मपाणीचा तो सावळा-सोनेरी वर्ण जगाला दाखवायला ब्रश धरणारा हातच लागत होता. अजिंठ्याने हातालाही अपुरे ठरवले आणि काचेलाही.

बडोद्याचा धागा

आता आपल्या गावाकडे येऊ. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तमिळ देशात राहून मराठी जपले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे ते दिवाण झाले. त्रावणकोरचा तरुण चित्रकार राजा रविवर्मा १८८१ मध्ये महाराज सयाजीरावांच्या राज्याधिकार-समारंभाच्या वेळी बडोद्याला आला आणि त्याने राजघराण्यातली व्यक्तिचित्रे केली. पुढे महाराजांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणप्रसंगांची चौदा चित्रे सांगितली. ती १८९१ च्या सुमारास बडोद्यात आली आणि राजवाड्यात लावण्याआधी सामान्य लोकांनाही पाहायला मिळाली.

रविवर्मा छायाचित्रांचा आधार घेत असे, यात लपवण्यासारखे काही नाही. ज्या राजेरजवाड्यांना तासन्‌तास बसायला वेळ नसे, किंवा जे हयात नसत, त्यांची चित्रे फोटोवरूनच होत. पुढच्या पिढीच्या समीक्षकांनी त्याच्या कामाला नाटकी, परकी नक्कल म्हटले. असेलही. पण त्याच्या कितीतरी नायिका आणि देवी नऊवारी नेसतात. कॅमेरा साडीची चुणी दाखवील. केरळच्या चित्रकाराने देवीला नऊवारी नेसवावी हा निर्णय कॅमेऱ्याचा नाही. तो त्या माणसाच्या प्रवासाचा आणि नजरेचा आहे.

याच माधवरावांनी १८८४ मध्ये रविवर्माला पत्राने सुचवले की ही चित्रे युरोपात छापवून घ्यावीत, म्हणजे मागणी पुरवता येईल. दहा वर्षांनी, १८९४ मध्ये, मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, आणि शेवटी तैलचित्राची झाक. आपल्या आजी-पणजींच्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती या दगडांवरून उतरली.

त्या छापखान्यासाठी काम केलेल्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे. जे. जे. मध्ये शिकून १८९० मध्ये ते बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. सयाजीरावांनी त्याच वर्षी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती ही संस्था सोपवून सुरू केली होती. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, नमुने घडवणे हे सारे फाळके तिथे एका छताखाली शिकले. पुढे गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तेव्हा त्याच्या मागे ब्रश, भिंग आणि छापाचा दगड या तिन्हींची तालीम होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचीही कथा अशीच. नाटकांचे पडदे रंगवणारे हे बंधू, आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, कॅमेरा स्वतः घडवायच्या मागे लागले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी साथीदारांसह काम पुरे केले आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. चित्रकाराने भिंगाला हात लावू नये असा दंडक असता, तर मराठी सिनेमाची सुरुवात कशी झाली असती, सांगता येत नाही.

भिंतीवरचे आजोबा

हा इतिहास आपल्याला संग्रहालयात शोधावा लागत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, जिथे जिथे आपली घरे तीन-चार पिढ्या आहेत, तिथे दिवाणखान्यात किंवा माळ्यावर एक जाड चौकटीचे चित्र असतेच. पगडी किंवा फेटा घातलेले आजोबा, कोपराखाली गोल टेबल, मागे पडदा. नाहीतर नथ घालून ताठ बसलेल्या आजी. जवळ जाऊन पाहिले की कळते, हा मोठा केलेला फिकट फोटो आहे आणि त्यावर कुणीतरी हाताने रंग चढवला आहे. चेहरा कॅमेऱ्याचा, तर शेल्याचा जरीकाठ, गालिच्याची फुले, ओठांवरची लाली कुंचल्याची. अनेकदा तो फोटो माणूस गेल्यावर, एखाद्या लग्नातल्या समूहचित्रातून चेहरा उचलून केलेला असतो, आणि अंगावरचा कोट चित्रकाराने मनाने घातलेला असतो.

या कारागिरांची नावे कुठल्या ग्रंथात नाहीत. चित्रकारांनी त्यांना फोटोवाले म्हटले, फोटोवाल्यांनी रंगारी. आणि आता वाडे पाडून फ्लॅट होत असताना ही चित्रे भंगारात जात आहेत, कारण ती धड पेंटिंग नाहीत आणि धड फोटो नाहीत. व्हर्मीरच्या पावावरच्या ठिपक्यांसाठी जगातले विद्वान वर्षानुवर्षे वाद घालतात, आणि आपल्या भिंतीवरचा तसाच पुरावा आपण किलोच्या भावाने देतो.

म्हणून एक विनंती. यंदा घरातल्या अशा चित्राकडे एकदा नीट पाहा. ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्याचे रंग असतील तर चेहरा राहील आणि शालू जाईल. ओल आलेल्या भिंतीवरून आणि उन्हातून ते हलवा. चौकटीच्या मागे स्टुडिओचे नाव किंवा शिक्का असेल तर टिपून ठेवा. चित्रातले कोण, ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा आणि मऊ पेन्सिलीने मागच्या पुठ्ठ्यावर लिहा. ते सांगू शकणारी माणसे फार उरलेली नाहीत. जमलेली नावे, स्टुडिओंचीसुद्धा, उत्सवात भेटाल तेव्हा आम्हाला कळवा. पुढच्या स्मरणिकेत त्यांची यादी देता येईल.

राहिला आराशीच्या पडद्याचा वाद. प्रोजेक्टरवरून गिरवणाऱ्या मुलांना गिरवू द्यावे. अल्बेर्तीच्या जाळीपासून रविवर्म्याच्या फोटोपर्यंत मोठी माणसे हेच करत आली. फक्त रेषा गिरवून झाली की प्रोजेक्टर बंद करावा आणि मुलांना विचारावे: या देखाव्यात उजेड कुठून येतो आहे? कैलासावर सकाळ आहे की संध्याकाळ? त्याचे उत्तर यंत्राकडे नसते, आणि शेरा मारणाऱ्या काकांनीही तेव्हा ब्रश घेऊन शेजारी बसायला हरकत नाही.